हॉलंडच्या गड्याचा दुखवटा

केजच्या बसस्टँडसमोर शब्बीरमामूंचा फळांचा गाडा बंद दिसला, की समजावं, युरोपातल्या कुठल्यातरी फुटबॉल क्लबनं मॅनेजर काढला.

एरवी गाडा बंद नसतो. ईदच्या दिवशीसुद्धा नमाज आणि गळाभेटी उरकून मामू दुपारी मोसंब्यांवर पाणी मारताना दिसतात. पण हॉलंडचा एक माजी खेळाडू, जो आता मॅनेजर होऊन देशोदेशी हिंडतो, त्याची नोकरी गेली की मामू गाड्यावर ताडपत्री बांधतात, घरापुढं सतरंजी टाकतात आणि तीन दिवस मान खाली घालून बसतात. मयताच्या घरी बसावं तसे. येणाऱ्याला हातानंच 'बसा' म्हणतात. येणारा थोडा वेळ गप्प बसतो, 'लई वाईट झालं' म्हणतो आणि उठतो. आमच्या भागात रीतच आहे. कुणावर वेळ आली की त्याच्याकडं जाऊन बसायचं. बोललंच पाहिजे असं काही नाही, पण बसायला जायचं.

मी शेजारच्या गल्लीत राहतो. सुरुवातीला मी हसलो. मग माझ्या बायकोनं भाकरी आणि पिठलं बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "दुखवट्याच्या घरी चूल पेटत नसती. नेऊन द्या." तेव्हा युरोपातल्या एका श्रीमंत माणसाच्या नोकरीसाठी मी पिठल्याचा डबा घेऊन भर बाजारातून गेलो आहे, याची नोंद असावी.

मागच्या खेपेला तर कहर झाला. खेड्यावरची एक म्हातारी दरवेळी मामूंकडूनच मोसंबी नेते. गाडा बंद दिसला म्हणून ती विचारत विचारत घरी आली आणि सतरंजी बघून चपापली.

"कोण गेलं रं बाबा?"

"हॉलंडचा मॅनेजर," कुणीतरी सांगितलं.

"अगं बाई! लेकरंबाळं?"

"दोन लेकी हायत," मामू खालमानेनं म्हणाले.

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मला राहवेना. मी म्हणालो, "आजी, तो जिवंत आहे. फक्त नोकरी गेलीय." म्हातारीनं पदर काही खाली घेतला नाही. "मंग तर लईच वाईट," ती म्हणाली, "मेल्याला निदान भूक तर लागत न्हाई."

मामूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की बघा, हिला कळलं आणि तुम्ही एवढे शिकलेले.

या हॉलंडवाल्याचं नाव मामू घेत नाहीत. 'आपला गडी' म्हणतात. घरच्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं! मामूंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. दुरुस्तीला आलेला टीव्ही होता, त्यात दोन्ही बाजूंचे खेळाडू हिरवे दिसत होते. तरी मामूंनी हा एक निवडून काढला. "बाकीचे समदे बॉलकडं बघत होते, भाऊसाहेब. ह्यो बॉल सोडून समदीकडं बघत होता."

मी नगरपंचायतीत कारकून आहे म्हणून मामू मला भाऊसाहेब म्हणतात. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी कबड्डीचा माणूस. पण अक्षर बरं असल्यामुळं मामूंनी मला गावच्या टीमचा सचिव करून टाकलंय.

मामू तेव्हा स्वतः गावच्या टीममध्ये मैदानाच्या मधोमध खेळत. गड्याला पाहिल्यापासून तेही मान वर करून, चहूकडं बघत खेळू लागले. त्या नादात दोनदा पंचाला धडकले. पण पुढं त्यांना ते साधलं म्हणतात. वीस वर्षांत त्यांनी एकही गोल मारला नाही, हे ते छाती फुगवून सांगतात. "गोल मारायला कुनीबी लागतंय. कुनाला कवा द्यायचा, ते कळाया पायजे. आधी मान वर, मंग पाय!"

'आधी मान वर, मंग पाय' हा मामूंचा कलमा आहे म्हटलं तरी चालेल. रस्ता ओलांडणाऱ्याला ते हेच सांगतात. मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवालाही हेच सांगतात. माझी बढती अडली होती तेव्हा मलाही हेच सांगितलं. मी मान वर केली, बढती काही दिसली नाही.

गड्याची सगळी कारकीर्द त्यांना तोंडपाठ, पण ती ते माझ्या भाषेत सांगतात. "मंग तेची स्पेनला बदली झाली. थितं जम बसला. मंग इटलीला. थितलं जेवन मानवलं, पर साहेब चांगला न्हवता." पुढं गड्याचा गुडघा गेला आणि त्यानं खेळणं थांबवलं. इकडं मामूंचा गुडघा चांगला ठणठणीत होता, तरी त्यांनीही बूट माळ्यावर टाकले. का, तर आपण खेळत राहणं बरं दिसत नाही. गडी मॅनेजर झाला, त्याच महिन्यात मामूंनी केजच्या पोरांची नवी टीम काढली.

मी एकदा विचारलं, "मामू, हॉलंड कुठं आणि केज कुठं. तुमचं नातं काय?"

"तेचा मुलूख दर्याच्या खाली हाय. समदी हयात पानी भाईर काढन्यात गेली तेंची. आपली पानी आनन्यात चालली. दोघांचं दुखनं पान्याचंच हाय का न्हाई?"

मी एक मोसंबं उचललं. तेवढ्यात ते ओरडले, "मधलं नका घेऊ! मधलं काढलं की टीम फुटती!" गाड्यावरही त्यांची फळं चार-तीन-तीन अशी मांडलेली असतात. गोलकीपर म्हणून सीताफळ. गिऱ्हाइकानं आधी पुढची फळं घ्यायची, मग मागची, आणि मधल्या तिघांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. नवीन माणूस वैतागतो, जुन्यांना सवय झाली आहे.

टीमही तशीच निवडलेली. गोलकीपर अन्सार, केज-मांजरसुंबा जीप चालवतो. कॅप्टन भागवत आणि आणखी चौघं ऊसतोडीला जाणारे. त्यामुळं आमचा हंगाम जगाच्या उलटा. तिकडं युरोपात खेळ रंगात येतो तेव्हा आमची अर्धी टीम बायकापोरांसह कारखान्यांच्या वाटेला लागलेली असते, ती उन्हाळ्यात परत येते. मामू मात्र सहा महिने फोनवरून मॅनेजरकी चालू ठेवतात. फडात ऊस तोडणाऱ्या भागवतला दुपारी फोन जातो, "डावा पाय हालवतो का न्हाई?" भागवत म्हणतो, "मामू, डाव्या पायावरच मोळी घेऊन उभा हाय."

आता खरी गोष्ट सांगतो. परवाच्या दसऱ्यानंतर आमची टीम पहिल्यांदा फायनलला पोचली. रविवारी चार वाजता, पाटोद्याच्या मैदानावर, पाटोद्याच्याच टीमशी. भागवत आणि मंडळी मंगळवारी ऊसतोडीला निघणार होती. म्हणजे आत्ता नाही तर पुन्हा कधी हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि मामू नसले की आमची अकराच्या अकरा माणसं बॉलमागं पळतात, मग मैदानाच्या एका कोपऱ्यात बाजार भरतो आणि बाकीचं मैदान ओस पडतं.

तर शुक्रवारी सकाळी युरोपात गड्याला काढलं.

दहा वाजता माझ्या टेबलावर मामूंचा राजीनामा आला. फळांच्या कागदी पिशवीवर लिहिलेला. 'कारण : गड्याला काढले. सबब मी मॅनेजर राहू शकत नाही.' अन्सार धावत आला. "भाऊसाहेब, तुमी सचिव हाव, मंजूर करू नगा!" मी म्हणालो, मंजूर कोण करतंय, पण माणूस सतरंजीवर बसलाय त्याचं काय करायचं?

शनिवारी सायंकाळी मी समजूत घालायला गेलो. डबा होताच. मामू एकटेच बसले होते. मी नेहमीसारखा थोडा वेळ गप्प बसलो आणि मग माझा तोल गेला. "मामू, किती दिवस हा पोरखेळ? त्याला लाखो लोक ओळखतात. तुमच्या बसण्यानं त्याला काय फरक पडतो? इथं अकरा माणसं तुमच्यावाचून अडलीत."

मामू चिडले नाहीत. सतरंजीची दशी चाचपत म्हणाले, "लाखो लोक वळखत्यात, खरं हाय. पर काढल्यावर कोन जातंय तेच्याकडं? फोटोत बघितलं म्या. एकलाच सामान गाडीत टाकत होता. बायको मेल्यावर मी बी असाच बसलतो, भाऊसाहेब. ह्याच सतरंजीवर. तीन दिवस. कुनीबी आलं न्हाई."

मला एकदम आठवलं.

रशिदामामी गेल्या त्या कोरोनाच्या बंदात. मामूंच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले होते. ते ठोकून घेण्याचं काम त्या आठवड्यात माझ्याकडं होतं. हातात यादी, तोंडाला फडकं, उभा राहून मी खिळे मारून घेतले होते. चार माणसांनी मामींना नेलं. मी पत्र्याच्या अलीकडून फोन केला, 'काळजी घ्या मामू' म्हणालो आणि पुढच्या गल्लीच्या यादीला लागलो. नंतर बंद उठला, पत्रे निघाले. जो तो आपापल्या कामाला लागला. आता इतक्या दिवसांनी काय जायचं, असं सगळ्यांनीच मनाशी म्हटलं असेल. मी तरी म्हटलं होतं.

मामू पुढं बोलत होते, आवाज अगदी साधा. "तुमचा काय कसूर? समद्यांवरच वेळ होती. त्या दिसांत फोनमधी गडी दिसला. मॅच हारलता, खाली मान घालून एकलाच बसलता. म्या म्हनलं, चला, दोघं झालो. तवापासून ठरिवलं, ह्याला काढलं की मी बसनार. मानसानं एकलं बसू नये."

मी डबा तिथंच विसरून निघालो. मला माझीच लाज वाटत होती. हा माणूस वेडा आहे असं मी चारचौघांत हसत सांगत होतो, आणि त्याच्या वेडात माझ्या हातचे खिळे होते.

अन्सारच्या जीपपाशी टीम वाट बघत उभी होती. मी सगळं सांगितलं, पत्र्यांसकट. मग भागवत म्हणाला, "मंग बसायला जाऊ की."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"आमी कारखान्यावर असताना गावात कुनी गेलं तर कळतं बी न्हाई येळंवर," भागवत म्हणाला. "माझा चुलता गेला तवा मी कर्नाटकात होतो. सा महिन्यांनी आलो. गाडीतनं उतरलो ते बोचकं घिऊन आधी चुलतीकडं गेलो, मंग घरी. उशीर झाला म्हून बसायचं ऱ्हात न्हाई, भाऊसाहेब."

रविवारी सकाळी नऊ वाजता मामूंच्या दारात जीप थांबली. अकरा जण उतरले, गुडघ्यापर्यंत मोजे, अंगात पिवळे टी-शर्ट. बूट बाहेर ओळीनं काढून सगळे सतरंजीवर बसले. सतरंजी पुरली नाही, निम्मे जमिनीवर. मी कडेला बसलो.

मामू गडबडले. "आरं, समदे कामून आलाव? मॅचला जा की! गड्यासाठी मी बसलोय न्हवं का!"

भागवत मान खाली घालून म्हणाला, "गड्यासाठी न्हाई आलो, मामू. मामीसाठी आलो. लई उशीर झाला."

मामू एकेकाकडं बघत राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आम्ही कुणी समजूत घातली नाही. बसलो होतो, तसेच बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तिला फुटबॉल बिलकुल आवडत न्हवता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मामूही हसले, आणि सुटलेच. मामी बूट लपवायच्या. एकदा तर ज्वारीच्या कणगीत लपवले, ते मामूंना दोन महिने सापडले नाहीत आणि त्यांनी तीन मॅच चपला घालून काढल्या. मामींच्या हातच्या आंबट वरणाला तोड नव्हती. मामी भांडल्या की दोन दिवस बोलायच्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी गाड्यावर डबा घेऊन स्वतः यायच्या. एवढी वर्षं त्यांच्या तोंडून मामींचं नाव मी ऐकलं नव्हतं. त्या सकाळी ते थांबत नव्हते, आणि आम्ही इतके हसत होतो की रस्त्यावरून जाणारे लोक, इथं बारसं आहे की काय म्हणून डोकावत होते.

बसायला आलेल्यांनी उठताना दुखवटा असलेल्या माणसाला हात धरून उठवायचं असतं. 'चला, कामाला लागा' असं म्हणायचं असतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. वयानं मीच मोठा होतो. मी मामूंचा हात धरला. "उठा मामू. कामाला लागा."

मामू उठले. माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग एकदम भागवतकडं वळून ओरडले, "बघत काय बसला बे! पाटोदा काय हितं हाय का? बूट घाला!"

पाटोद्याचं म्हणाल, तर आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल भागवतनं मारला. पण बॉल मधून कसा आला, कुणी कुणाला दिला, हे मामूंनी परतीच्या वाटेवर मांजरसुंब्यापर्यंत चार वेळा सांगितलं. गोल मारल्याचं एकदाही नाही. जीपमध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर बसून बेसूर गात होते.

मी पुढं मामूंशेजारी बसलो होतो. ते बाहेर बघत होते. थोड्या वेळानं माझ्या कानाशी आले.

"भाऊसाहेब, तिकडं गड्याकडं बी कुनीतरी गेलं असंल का वो बसायला?"

"गेलं असेल, मामू."

"असंल," मामू म्हणाले, आणि मागं वळून त्यांच्या गाण्यात त्यांच्याहून बेसूर सामील झाले.