कपाटातले नाजूक नमुने

वाटाणा रुजवणं हे काही संशोधनाचं काम नव्हे. ओल्या फडक्यात विसरला तरी तो रुजतो. पण संशोधक बाईंच्या अंधाऱ्या कपाटात, मोजून घातलेल्या पाण्यावर, त्याचं मूळ नखभर वाढायचं आणि रुसल्यासारखं जाड होऊन बसायचं.

बाईंनी मुळं वाढवणारं औषध शोधलं होतं. एका ताटलीत औषध, दुसरीत नुसतं पाणी. औषधाची मुळं लांब निघाली की बाई जिंकल्या. प्रत्यक्षात दोन्हीकडची सारखीच खुंटत होती. असं तीनदा झालं. चौथ्यांदा झालं तर प्रकल्प बंद आणि बाईंची बदली ग्रंथालयात, असं साहेबांनी सांगून टाकलं. साहेब शिस्तीचे भारी कडक. प्रयोगशाळेत खायला मनाई करणारी पाटीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती.

बाईंनी बिया बदलल्या, पाणी बदललं. मग संशय फरशी पुसणाऱ्या मावशींच्या फिनेलवर गेला.

मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "माझ्या फिनेलनं वाढ खुंटत असती तर माझा धाकटा दारातून वाकून आत आला नसता."

शेवटी साहेबांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्यानंतर मुळं आणखी आखूड झाली.

चौथ्या प्रयोगाची मुदत संपली त्या दिवशी बाई साहेबांकडून किल्ली मागून आणून कपाट उघडत होत्या. मागे उभ्या मावशींनी नाक वर केलं. "बाई, तुमच्या वाटाण्याला केळ्याचा वास येतोय."

बाई हसणार होत्या, त्या थांबल्या. पिकल्या केळ्यातून एक वायू निघतो. त्याचा निरोप पोचला की मूळ लांबायचं सोडून जाड होतं. हे त्या कॉलेजात शिकल्या होत्या. शिकवलं होतं साहेबांनीच.

वरच्या फळीवर, अगदी मागे, भोकं पाडलेला एक खोका होता. त्यावर साहेबांच्या वळणदार अक्षरात 'नाजूक नमुने. हात लावू नये'. दोन महिने कुणी लावलाही नव्हता. मावशींनी तो सरळ उघडला. असल्या सूचना शिकलेल्यांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं. आत नऊ केळी.

बाई खोका घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब बदलीच्या कागदावर सही करत होते. पेन अर्ध्यातच थांबलं.

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय," साहेब हळूच म्हणाले. "घरी आमची ही पिशवी तपासते, इथं येऊन टेबलाचे खणही बघून जाते."

"पण सर, त्या वायूचा धडा तुम्हीच लिहिलाय."

"लिहिलाय की. केळं सोलताना धडा कुणाला आठवतो?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचा हात काही पुढे होईना, म्हणून बाईंनी उचलला. साहेबांच्या पत्नी होत्या. साखर पुन्हा वाढलीय, तिकडे चोरून काही खातात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बदलीच्या कागदाकडे पाहिलं आणि तो सावकाश, नीट घडीवरून फाडला.

"छे हो वहिनी," बाई म्हणाल्या, "इथं खायला मनाई आहे. पाटीच लावलीय."

केळी मावशींच्या धाकट्याकडे गेली. पुढच्या महिन्यात औषधाची मुळं बोटभर लांबली आणि साहेबांची साखर उतरली. पहिल्या गोष्टीबद्दल वार्षिक अहवालात आणि दुसरीबद्दल घरी, साहेबांच्या शिस्तीचं फार कौतुक झालं.