उंच की बुटका

"डोळे बांधा माझे! वाटलं तर भिंतीकडे तोंड करून बसवा. उंच वाजतोय की बुटका, हे पहिल्या सुरात नाही ओळखलं तर जन्मभर खोकी उचलीन!" जावईबापूंनी छाती पुढे काढून सांगितलं.

खोकी ते आत्ताही उचलतच होते. सासरेबुवांचं स्पीकरचं दुकान खाली आणि घर वर. लग्न झाल्यापासून जावईबापू गोदामात खोकी रचत होते, आणि डोळा होता तो 'ऐकण्याच्या खोली'तल्या खुर्चीवर. त्या खोलीत गिऱ्हाईक सोफ्यावर बसायचं, समोर खुर्चीत सासरेबुवा डोळे मिटून घ्यायचे, जरा मान हलवायचे आणि म्हणायचे, "हा घ्या." बस्स. गिऱ्हाईक तो घ्यायचं. सासरेबुवांच्या कानापुढे बोलायची बाजारात कुणाची टाप नव्हती. आता त्यांना आराम हवा होता, पण खुर्ची द्यायची तर ज्याला कान आहे त्यालाच. म्हणून दुपारच्या सुट्टीत दोन नवे स्पीकर वर आणले होते. एक उंच, शिडशिडीत. दुसरा बुटका, ढेरपोट्या. दोघांतला फरक जावईबापूंनी नीट सांगितला की खुर्ची त्यांची.

बायकोने स्वयंपाकघरातला नॅपकिन आणून त्यांच्या डोळ्यांवर करकचून बांधला. त्याला कांद्याचा वास येत होता.

"हरलात ना, तर मी ओळख दाखवणार नाही हं," ती कानात पुटपुटली आणि आत निघून गेली.

"गाणं माझ्या फोनवरून लावतो," सासरेबुवा म्हणाले. "तुमच्या फोनातली गाणी म्हणजे पिंपावरून डबे गडगडल्यासारखी." मग कुठेतरी खटकन बटण फिरलं. "हं! हा पहिला. ऐका."

जावईबापूंनी कान टवकारले. काही नाही.

सुरुवात हळू असेल, म्हणून ते थांबले. तरी काही नाही. आतल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. शेजारी कुणीतरी खुर्ची ओढली, तीही ऐकू आली. गाणं तेवढं नव्हतं.

"अहाहा!" सासरेबुवा एकदम ओरडले. "काय आवाज आहे! अरे, असं तर मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं!"

जावईबापूंनी कानाची पाळी ओढून पाहिली. कान गेले? पण फ्रिज तर ऐकू येतोय! मग फक्त गाण्यापुरते गेले? असा कुठला आजार असतो का? आणि जायचे तर आजच जायचे होते?

"कसं वाटतंय?" सासरेबुवांनी वरच्या पट्टीत विचारलं.

"छान!" जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं.

तेवढ्यात त्यांना एक आधार सापडला. सासरेबुवा बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते. टप, टप-टप, टप. जावईबापूंनी देवाचे आभार मानले आणि त्या ठेक्यावर मान डोलवायला सुरुवात केली.

बटण पुन्हा खटकलं. "आता दुसरा! सांगा, फरक सांगा!"

"पहिला उंच होता," जावईबापू म्हणाले. म्हणायला काहीतरी हवंच होतं. "त्याचा खालचा आवाज भरलेला आहे, पण जरा आखडल्यासारखा. बुटक्याचा गळा कसा मोकळा वाटतो!"

ठेका थांबला. जावईबापूंची मानही थांबली.

"शाब्बास!" सासरेबुवांनी त्यांच्या पाठीत थाप मारली. "मला तर दोन्ही सारखेच वाटत होते! आता तुम्ही म्हणताय म्हटल्यावर जाणवतंय. मोकळा आहे खरा. थांबा, जरा वाढवतो. आता? फार होतोय का?"

"नाही, बेताचा आहे."

"आणि आता?"

"आता मात्र शेजारी भांडायला येतील, बाबा!"

तोच सासूबाई बाहेर आल्या. "काय हे? मघापासून दोघं नुसतेच बसलेत डोलत! गाणं लावा की!"

सासरेबुवांना त्या आल्याचा पत्ताच नव्हता. ते टप-टप करत होते. गाणं नाही म्हणावं, तर मग बुटक्याचा मोकळा गळा कुठून आणला?

"आई," जावईबापू कसंबसं म्हणाले, "गाणं चालूच आहे."

"चालू आहे?"

"मोठ्याने चालू आहे."

सासूबाई मटकन सोफ्यावर बसल्या. त्यांनी आधी एक कान दाबून पाहिला, मग दुसरा, आणि गळा काढला. "अगं ए, धाव गं! मला ऐकू येईनासं झालं!"

बायको धावत आली. "काय झालं?"

"गाणं येतंय का तुला ऐकू? खरं सांग!"

"कुठलं गाणं?"

"हिलाही नाही येत!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सगळ्या घरालाच झालंय काहीतरी!"

बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांवरचा नॅपकिन खेचून काढला आणि ती जमिनीकडे बघतच राहिली. स्पीकर चालवायच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग फरशीवर पडला होता. तो भिंतीत खोचलेलाच नव्हता.

तिघांनी एकदम सासरेबुवांकडे पाहिलं. ते डोळे मिटून डोलत होते. चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"बाबांच्या डोक्याला काही…" बायको पुढे झाली. तिने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. "गाणं चालू आहे. पण जोडलंय कशाला? हे काय? 'डावा कान', 'उजवा कान'. हा कुठला स्पीकर, बाबा?"

सासरेबुवांनी डोळे उघडले. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला आणि तिथेच अडकला.

"ऐकायचं मशीन आहे," ते हळूच म्हणाले. "पंधरवडा झाला बसवून. बाहेरून दिसत नाही. फोनचं गाणं थेट त्यात वाजतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मग सासूबाई सावकाश उठल्या. "पंधरवडा? म्हणजे भांडी विसळताना मी जे बोलत असते, ते तुम्हाला…"

"सगळं ऐकू येतं."

"तुमच्या बहिणीबद्दलचंसुद्धा?"

"त्यातलं बरंचसं मला पटलं."

सासूबाई पुन्हा बसल्या. सासरेबुवा जावईबापूंकडे वळले. "आणि काय हो? माझ्या कानात तरी वाजत होतं. तुम्ही कुठे ऐकलात मोकळा गळा?"

जावईबापूंना फरशीने पोटात घेतलं असतं तर चाललं असतं. ते उठले आणि मुकाट्याने खोक्यांकडे निघाले.

"बसा!" सासरेबुवा म्हणाले. "खुर्ची तुमची."

"अं?"

"ऐकून कुणीही बोलेल. काही वाजत नसताना माझ्यासारख्याला फरक पटवून देणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. गिऱ्हाइकाला तरी कुठे काय कळतं? त्याला फक्त कुणीतरी ठामपणे सांगायला हवं असतं. एकच अट. माझं हे कानातलं या खोलीबाहेर जाता कामा नये. बहिऱ्याने निवडलेले स्पीकर म्हणून लोक आपल्याला हसतील. दुकान बसेल."

"मरेपर्यंत नाही सांगणार, बाबा!"

बायकोने प्लग खोचला, या वेळी फोन नीट स्पीकरला जोडून दिला आणि म्हणाली, "आता एकदा खरंच ऐका दोघं."

गाणं लावायच्या आतच फोन वाजला. सासरेबुवांनी सवयीने तो उचलून कानाला लावला. आवाज मात्र बुटक्यातून आला, खणखणीत.

"नमस्कार काका! कानाच्या दवाखान्यातून बोलतेय. दोन्ही कानांची मशिनं नीट चालतायत ना? दुकानात कुणाला संशय नाही ना आला?"

खिडकी उघडी होती. खाली दुकान उघडायची वाट बघत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनी माना वर केल्या.

"हॅलो? काका, ऐकू येतंय ना?"

फोन बंद करायला सासरेबुवांनी घाईघाईने बटण दाबलं. ते आवाज वाढवायचं होतं.