बिबट्या, शेळी व मेथीची जुडी पैलतीरी नेल्याची हकीगत

पृथ्वीवर मोहिमा बहुत जाहल्या. कोणी समुद्रावर सेतू घातले, कोणी नद्यांना पूर असता फौजा उतरविल्या, कोणी दोर लावून रातोरात गड घेतले. परंतु एक नदी, एक होडी, दोन जनावरे आणि एक भाजीची जुडी एवढ्याच सरंजामावर जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांनी मिळोन जी मोहीम केली, तीस तोड नाही, आणि तीत उभयपक्षी जी अक्कल खर्ची पडली, तिची मोजदाद करणारा अद्याप जन्मास यावयाचा आहे. मोहीम व्हॉट्सअ‍ॅपवर जाहली. पाण्यास कोणाचा पाय लागला नाही.

त्याचे वर्तमान ऐसे की, 'गणितकट्टा जुन्नर-आंबेगाव' नामे एक गट होता आणि त्यात दोन्ही तालुक्यांतील हौशी मंडळी सामील होती. कोणी जादूचे चौकोन पाठवी, कोणी नऊ एकांच्या संख्येचा वर्ग करोन अंकांचा मनोरा दाखवी, आणि कोणी 'या महिन्यात पाच शनिवार व पाच रविवार आले, हा योग आठशे तेवीस वर्षांनी' ऐसी खबर दर दोन-चार महिन्यांनी देई, आणि मंडळी दर खेपेस थक्क होत. रविवारचे कोडे घालण्याचा मान ही या गटाची मसनद. तीस कायदा ऐसा की, कोडे घालणारास दिवस मावळण्याचे आत एक तरी बरोबर उत्तर रीतीसकट यावे; आले तर पुढील रविवारही त्याचाच, न आले तर मसनद जप्त होवोन दुसऱ्याकडे जावी. कोणी न सुटणारे कोडे घालोन रयतेस छळू नये, हा त्यातील हेतु.

हा कायदा बाळासाहेब मंचरकर यांनी केला. बाळासाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त आणि गटाचे कुलमुखत्यार. अवघा पावसाळा मसनदीवर तेच होते, आणि अवघा पावसाळा त्यांनी केळी, कलिंगडे व नारळ यांच्या चित्रांच्या बेरजा घातल्या. पुढे दिवाळी उलटोन गेल्यावर एका चित्रात त्यांचे हातून अर्धे केळे राहोन गेले, उत्तर कोणाचेच जुळेना, आणि आपल्याच कायद्याने बाळासाहेब पायउतार जाहले. मसनद कसबे जुन्नर येथील वैजयंतीबाईंकडे आली. बाईंचे मागे रांगेत पुनः बाळासाहेबच उभे होते.

बाईंची उमर आठवी-नववीस गणित शिकविण्यात गेली होती. वर्गात उत्तरे बहुत आली, परंतु ती मार्कांचे धाकाने आली. धाक नसता, निव्वळ मौजेखातर कोणी आपले कोडे सोडवावे, एवढीच एक वासना राहिली होती. आणि पहिल्याच रविवारी मसनद गेली तर पुनः केळी, हे भय पोटात होते.

मग बाईंनी मसलत केली ती ऐसी. जुने कोडे आहे: एका शेतकऱ्यास लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार नेणे आहे, होडीत खाशाखेरीज एकच जिन्नस मावतो, शेतकरी पाठमोरा होताच लांडगा शेळीस खातो आणि शेळी कोबीस; तरी काही न गमाविता कमीत कमी किती फेऱ्यांत पार व्हावे? बाईंनी विचार केला की, लांडगा या मुलखात हल्ली कोणी पाहिला? बिबट्या तो सर्वांनी पाहिला आहे. आणि बाजारातून नुकतीच आणिलेली मेथी ओट्यावर होती. तरी लांडग्याचे जागी बिबट्या आणि कोबीचे जागी मेथी घालावी, म्हणजे लोकांस कोडे आपले वाटेल. ऐसे करोन रविवारी चहा होताच कोडे गटात रवाना केले.

लोकांस कोडे आपले वाटले. तेथेच घात जाहला.

प्रथम मढाहून हौशीरामांचे पत्र आले. हौशीरामांचे शिवारास धरणाचे पाणी लागून, होडीचे काम त्यांस चांगले ठावके. त्यांनी लिहिले, "बाई, बिबट्या व्हडीत बसवायचा कुनी, ते आधी सांगा. बाकीचं गनित मागनं बघू." बाईंनी हुकूम फर्माविला की, बिबट्या होडीत बसतो ऐसे धरोन चालावे. त्यावर जबाब आला, "धरून चाला? राव, त्याला धरायलाच तर वनखात्याची मान्सं चार दिवस पिंजरा लावून बसल्याती!"

मग आण्याहून गेणभाऊ चालोन आले. आणे पठारावर, तेथे पाण्याची ददात, सबब त्यांनी नदीवरच हल्ला चढविला: "ह्या दिवसांत नदीला पानी असतंय व्हय? चालत जा की. व्हडी कशाला भिजवताय." कोणी पुसले की, बिबट्या पोहतो, त्यास होडीचा खर्च का? कोणी शेळीचे नुकसानभरपाईचा अर्ज कोणीकडे करावा ते सांगितले, आणि त्याखाली तिघांनी आपापल्या अर्जांचे काय जाहले ते लिहिले. इतक्यात हौशीरामांचे कबिल्याकडून, धोंडाबाईंकडून, ध्वनिसंदेश आला: "अवो बाई, शेळी गाभन हाय का? गाभन आसंल तर तिला सारखी चढवू-उतरवू नका. आन् मेथी कशाला घालता तिला, सुबाभूळ घाला!"

ऐसा दोन प्रहरपर्यंत रणधुमाळीचा प्रसंग जाहला. अवघी फौज अलीकडच्याच तीरावर उभी, आणि एकही इसम होडीत चढेना. बाई जेवल्या, परंतु घास गोड लागला नाही.

बाईंची कन्या श्रेया, कॉलेजातून सुटीस घरी आलेली, पलंगावर पडोन हे पाहात होती. ती म्हणाली, "आई, लांडगा ठेवला असतास तर एव्हाना सुटलं असतं."

"लांडगा कोणी पाहिलाय इथे?"

"म्हणूनच." आणि मग ती म्हणाली, "बाळासाहेबकाका बघ, सकाळपासून ऑनलाइन आहेत. त्यांना येतंय उत्तर. मुद्दाम गप्प बसलेत गं."

बाईंनी पाहिले तो खरेच. मंचरचे ठाण्यावर 'ऑनलाइन' ऐसा दिवा जळत होता, आणि तेथोन शब्द येत नव्हता. बाळासाहेबांनी पक्के ओळखिले होते की, या फौजेस उत्तर देणे होणार नाही. आपण मौन धरावे, सूर्याने आपले काम करावे, आणि सायंकाळी केळी घेवोन मसनदीवर चढावे. मोठा कसलेला मुत्सद्दी.

परंतु हरएक गडास एक चोरवाट असते. बाईंस आठवले की, एका लग्नात मुहूर्त साधावयाचे वेळी भटजींनी घटका म्हणजे अर्धा तास ऐसे सांगितले, तेव्हां बाळासाहेबांनी अंतरपाट धरिलेला असता पुढे होवोन, घटका चोवीस मिनिटांची, हे साठ घटकांचा दिवस मांडोन सिद्ध केले होते, आणि नवरानवरी हार घेवोन उभीच होती. हा पुरुष उपास सोशील, अपमान सोशील, चुकीचे उत्तर सोसणार नाही.

इतक्यात गेणभाऊंनी, बहुत आढेवेढे घेवोन, अखेर एक उत्तर टाकिले: "जिन्नस तीन, तर फेऱ्या तीन. ह्यात काय एवढं?"

उत्तर साफ चूक होते. बाईंनी उभ्या हयातीत चुकीचे उत्तरावर बरोबरची खूण केली नव्हती, आणि आजही केली नाही. त्यांनी एवढेच लिहिले, "वा, गेणभाऊ!" आणि पुढे टाळ्या वाजविणारे दोन हात ठेविले.

त्या गटाचा रिवाज ऐसा की, एकदा टाळ्या दिसल्या म्हणजे कशाबद्दल ते कोणी पुसत नाही. तात्काळ दोन्ही तालुक्यांतून अभिनंदनाची सरबत्ती सुरू जाहली. गुलाब आले, मोगरे आले, समया आल्या, 'जुन्नरचा वाघ' आला आणि दोघांनी गेणभाऊंस वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या. गेणभाऊंनी सर्वांचे मनःपूर्वक आभार मानिले.

मंचरचे ठाण्यावर 'टाइप करत आहे' ऐसे उमटले आणि मिटले. पुनः उमटले आणि पुनः मिटले. मग एक शब्द आला: "चूक."

येथे मोहिमेचा कस लागला. नुसत्या 'चूक' या शब्दाने मसनद वाचत नव्हती. उत्तर रीतीसकट पाहिजे होते. श्रेया उठोन आईचे खांद्याशी येवोन बसली. बाईंनी नम्रपणे लिहिले की, चूक कशी ते समजले नाही, तरी मेहेरबानी करोन खुलासा व्हावा. बाळासाहेब सावध होते. जबाब आला की, खुलासा सूर्यास्तानंतर करण्यात येईल.

ओट्यावरची मेथी निवडावयाची राहिली होती, आणि ऊन भिंतीवरोन सरत चालले होते. बाईंनी मनात केळी मोजावयास सुरवात केली. तो मढाहून, कोणी न सांगता, हौशीरामांची तोफ सुटली:

"जाऊ द्या हो बाई. त्यांनाबी येत न्हाई वाटतं. फळांच्या बेरजा येगळ्या आन् ह्ये येगळं."

आणि खाली धोंडाबाईंचा ध्वनिसंदेश, त्यात फक्त हसणे.

मग बाळासाहेबांस आवरेना. मसनद, सूर्य, मनसुबा सर्व विसरोन त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी चढाई केली, आणि लिहिले की, प्रथम शेळी पैलतीरी न्यावी, कारण बिबट्या मेथी खात नाही. मग रिकामे परतावे. मग बिबट्या न्यावा, आणि येताना शेळी परत आणावी, ही यातील खरी मेख असून ती येथे एकासही सुचली नाही. मग शेळी अलीकडे ठेवोन मेथी न्यावी, आणि पुनः रिकामे परतोन अखेरीस शेळी न्यावी. एकूण फेऱ्या सात, यापेक्षा कमी होणे नाही, आणि का होणे नाही तेही सिद्ध केले. खाली आकृती जोडिली. आकृतीत बिबट्यास मिशा होत्या.

'पहिले बरोबर उत्तर' ऐसा बाईंचा शेरा येईपर्यंत बाळासाहेबांस आपण काय केले ते उमगले नव्हते. उमगले तेव्हां त्यांनी आपला मजकूर सर्वांसाठी पुसोन टाकिला. परंतु श्रेयाने त्याचा फोटो आधीच काढिला होता, तो तिने गटात लाविला. मग बाळासाहेबांनी लिहिले, "बाई, डाव चांगला होता." आणि बाईंनी लिहिले, "सर, रीत त्याहून चांगली होती." आणि हे त्यांनी मनापासोन लिहिले, कारण शेळी परत आणण्याची मेख कोणी इतक्या गोडीने सांगितलेली त्यांनी आजवर ऐकली नव्हती. धोंडाबाईंनी तेवढे कळविले की, शेळी तीन डाव व्हडीत चढली, म्हनूनच मी म्हनत व्हते.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष मासी, रविवारी, सूर्य डोंगराआड जाण्याचे आत, बिबट्या, शेळी व मेथीची जुडी सुखरूप पैलतीरी पोहोंचली, जीवितहानी जाहली नाही, मेथीचे पान हलले नाही, मसनद वैजयंतीबाईंकडे कायम जाहली आणि फत्तेचा मजकूर गटाचे माथ्यावर टाचणी लावोन ठेविला.

पुढील रविवारी बाईंनी मूळ संख्यांचे कोडे घातले. बाळासाहेबांखेरीज ते कोणी उघडून पाहिले नाही.