आठ दिवसांची सोय

रंगुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात राहायला सांगितलं. ऑपरेशनची तिला भीती नव्हती. प्रश्न सहादेवाचा होता. तिचा हा मुलगा सत्तावीस वर्षांचा, पण बोलणं चार शब्दांचं. भाकरीला आमटी लागली तर ताट भिरकावायचा, कुणी अंगाला हात लावला तर स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायचा. डॉक्टर त्याला मतिमंद म्हणत. घोडेगावच्या बाजाराला जाणारे लोक याहून सोपा शब्द वापरत. घरधनी केव्हाच वारला होता. आठ दिवस सहादेवाजवळ बसेल असं माणूस गावात मिळेना.

त्याच साली, म्हणजे एकाहत्तरात, अशा घरांसाठी गृहसाहाय्य योजना निघाली. रंगुबाईनं अर्ज लिहून घेतला आणि पावसाळा सरता सरता विष्णुपंत नावाचे मदतनीस वळकटीसह एसटीतून उतरले.

"देवच पावला. उद्याच्या गाडीनं जाते बगा मी नगरला," रंगुबाई म्हणाली.

"तसं चालायचं नाही," विष्णुपंत नम्रपणे म्हणाले. "सेवा पालकाच्या उपस्थितीतच द्यायची, असा नियम आहे. तुम्ही नसाल तर सेवा दिली याला साक्षीदार कोण?"

"पन मीच हितं असले, तर तुमी कशाला?"

"सेवेला," विष्णुपंत म्हणाले.

विष्णुपंतांना विहिरीचं पाणी बाधलं, म्हणून रंगुबाई ते उकळून देऊ लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या मायेनं सहादेवाच्या भाकरीवर आमटी ओतली आणि ताट त्यांच्या कानाजवळून गेलं. तेव्हापासून सहादेवाला जेवू घालणं रंगुबाईकडे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं पंतांकडे, अशी कामाची विभागणी झाली. लक्ष ते मारुतीच्या पारावरून ठेवत.

सेवा सुरू झाली म्हटल्यावर तिचा दर्जा तपासणं ओघानंच आलं. तपासणीचे साहेब जीपमधून आले. सहादेवाचे धुतलेले कपडे, कापलेली नखं पाहून खूश झाले. फक्त लाभार्थ्याला स्वतंत्र खाट हवी, म्हणाले. घरात खाट एकच, रंगुबाईची. ती जमिनीवर निजू लागली. सहादेवाला खाटेची सवय नव्हती. तोही येऊन आईशेजारी निजला. खाट रिकामी राहिल्यानं पंतांची सोय झाली.

"लाभार्थी समाधानी आहे का?" साहेबांनी सहादेवालाच विचारलं.

सहादेव कौलांतून पडलेल्या कवडशाकडे बघत राहिला. साहेबांनी लिहिलं : तक्रार नाही.

दर्जा इतका उत्तम निघाला, की रंगुबाईचं घर आदर्श घर म्हणून जाहीर झालं. मग तालुक्यातालुक्यांतले अधिकारी ते पाहायला येऊ लागले. आल्या-गेल्याला चहा, थांबला तर पिठलं-भाकरी. अनोळखी माणसांनी घर भरलं, की सहादेव भिंतीकडे धावायचा. रंगुबाई भिंत आणि त्याचं कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात धरून बसायची. "केवढी ही सेवा!" पाहुणे गहिवरायचे आणि पंतांचं अभिनंदन करून जायचे.

हिवाळ्यात मोतीबिंदू फार पिकून तिचा उजवा डोळा कायमचा गेला. तिनं साहेबांना जीपपाशी गाठलं.

"सायेब, एक डोळा गेला. दुसरा हाय तवर जाऊ द्या मला."

"आजी, तुम्हीच गेलात तर आदर्श घर बंद पडेल. जिल्ह्याच्या नावाचा प्रश्न आहे." पण साहेबांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी वर कळवलं. वरून तिच्या सत्काराला मंजुरी आली.

शाळेच्या पटांगणात सारा गाव लोटला. रंगुबाईच्या खांद्यावर शाल पडली. सहादेव तिचा पदर दातांत धरून मागं उभा होता.

"आजी, दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

रंगुबाईला गर्दी दिसत नव्हती, नुसती कुजबुज ऐकू येत होती. त्या दिशेला हात जोडून ती म्हणाली, "आठ दिस. फकस्त आठ दिस याच्यापाशी कोन बसंल? लई तरास न्हाई देत तो. नुसतं जवळ बसायचं."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. मग पुढच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा गाव वाजवू लागला. किती साधे शब्द, थेट काळजाला भिडले, असं जो तो शेजाऱ्याला सांगत होता. रंगुबाई बराच वेळ कान देऊन उभी होती.

तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही वाजवल्या असत्या. टाळ्यांत दोन्ही हात गुंततात. त्यामुळे वर करायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.