घड्याळावर शिजवलेली न्याहारी

"उद्या सकाळी तू स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस!" संध्याकाळी जेवताना कंट्रोलरसाहेबांनी हुकूम सोडला. "न्याहारी माझ्याकडे लागली!"

टेबलावर तिघीजणी होत्या. बायको, आई आणि कॉलेजात जाणारी लेक. तिघींचेही घास हातातच राहिले. साहेबांनी आजवर स्वयंपाकघरात केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे फ्रिजमधून पाण्याची बाटली काढणं, आणि तीही ते कधी भरून परत ठेवत नसत.

"अहो, राहू द्या," बायको म्हणाली. "मी लवकर उठून करीन."

"छे! तू फक्त तयार व्हायचं, खायचं आणि निघायचं. अगं, दिवसाला दोनशे चाळीस गाड्या सोडतो मी! मला चार माणसांची न्याहारी सोडता येणार नाही?"

साहेब बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटली, कुठला ड्रायव्हर किती उशिरा आला, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात. अठरा वर्षांत त्यांनी शेकड्यांनी लेटमार्क दिले आणि स्वतः एकही घेतला नाही. हे ते अनोळखी माणसालाही थांबवून सांगत.

पण या खेपेला नुसती बढाई नव्हती. बायको तब्बल सतरा वर्षांनी पुन्हा नोकरीला निघाली होती. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंदणी करायची, महिनाभर काम बघणार, पसंत पडलं तर कायम. ग्रंथपालबाईंनी मुलाखतीतच बजावलं होतं, "मला बाकी सगळं चालतं, उशीर चालत नाही. आठ म्हणजे आठ." बायकोने घरी येऊन हे सांगितलं आणि धसका साहेबांनीच घेतला. तिची सतरा वर्षांनी मिळालेली नोकरी एका न उकडलेल्या अंड्यापायी गेली तर? या विचाराने त्यांना आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

म्हणून त्यांनी तक्ता केला. डेपोच्या ड्यूटीच्या कागदावर, लाल आणि निळ्या शाईत. बटाटे, गॅसवर पाच चाळीस, उतरणार सहा. अंडी, पाच पंचेचाळीस ते पाच सत्तावन्न. ओट्स, सहा पाच. ऑम्लेट, सहा पंचवीस. सौ. यांचं प्रस्थान, सात पाच. सव्वासातची बस. शेवटच्या रकान्यात 'शेरा' होता. तक्ता फ्रिजवर चिकटला. मग सगळ्यांचे फोन बंद करून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात टाकले. "गाडी चालवताना फोन चालतो का? मग न्याहारी करताना पण चालणार नाही!"

उरलं भिंतीवरचं घड्याळ. डेपोत ड्रायव्हरांच्या खोलीतलं घड्याळ साहेब गुपचूप दहा मिनिटं पुढे ठेवत, म्हणजे मंडळी वेळेवर हलतात. तोच उपाय घरी. कोणी बघत नाही असं पाहून ते स्टुलावर चढले आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

अर्ध्या तासाने त्याच स्टुलावर बायको चढली. नवरा वेळेचा कितीही पक्का असला तरी ऑम्लेटचा कच्चा आहे हे तिला माहीत होतं. तिने काटा वीस मिनिटं पुढे केला आणि कोणाला काही बोलली नाही.

सकाळी साहेब आपसूक उठले. अंधार होता. घड्याळात साडेपाच. "आज जरा जास्तच झोपलो!" असं म्हणत त्यांनी एप्रन चढवला. पाच चाळीसला बटाटे. पाच पंचेचाळीसला अंडी. पहिल्या दोन गाड्या वेळेवर सुटल्या! खूश होऊन ते दूध आणि पाव आणायला जिना उतरले.

इकडे आई उठल्या. स्वयंपाकघरात दिवा चालू, मुलगा गायब. "हा असाच रेंगाळत बसला तर सूनबाई गेलीच कामावर!" असं पुटपुटत त्या स्टुलावर चढल्या आणि काटा पुढे ढकलला. पंधरा मिनिटं.

साहेब परत आले तेव्हा त्या उतरत होत्या.

"आई, तू स्टुलावर काय करतेस?"

"जाळं होतं रे एक."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या हातून पाव खाली पडला. सहा पाच! दूध आणायला वीस मिनिटं लागली? अंडी तर आठ मिनिटांपूर्वीच उतरायला हवी होती! त्यांनी घाईघाईने एक अंडं काढून फोडलं. पांढरं, पिवळं, सगळं पातळच्या पातळ त्यांच्या बाहीवरून कोपरापर्यंत वाहत गेलं. बटाट्यात सुरी घातली तर ती तिथेच अडकून बसली.

"वीस मिनिटं उकळून कच्चं?" साहेबांनी वाकून शेगडीखाली पाहिलं. "गॅस! गॅसला जोरच नाही!"

तक्त्याप्रमाणे दोन्ही भांडी उतरवून त्यांनी ओट्स चढवले आणि तडक खालच्या मजल्यावर जाऊन शिंप्याचं दार बडवलं. शिंपी डोळे चोळत बाहेर आला.

"काका, तुमचा जादा सिलिंडर द्या! आमचा मेला!"

"अहो साहेब, इतक्या पहाटे..."

"पहाट कसली! सूर्य डोक्यावर आला!"

शिंप्याने जिन्याच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. काळोख होता. "आभाळ भरलंय," साहेबांनी खुलासा केला आणि सिलिंडर खांद्यावर घेतला.

तेवढ्या वेळात लेक स्वयंपाकघरात येऊन गेली होती. अंड्याचा ओघळ फरशीवर, बटाट्यात उभी सुरी आणि बाबा बेपत्ता! तिने कपाळाला हात लावला आणि आईला उशीर नको म्हणून स्टूल ओढलं. पंधरा मिनिटं. आता तुम्हीच बेरीज करा, कारण त्या घरात ती करणारं कोणी नव्हतं. प्रत्येकाला फक्त आपापली मिनिटं माहीत होती.

साहेब धापा टाकत वर आले. घड्याळात सहा अठ्ठावीस. ओट्सकडे पाहिलं तर पाण्यावर तरंगताहेत, जसे टाकले तसेच!

"म्हटलं ना, सिलिंडरच मेलाय!" त्यांचा आवाज चिरकला. नवा सिलिंडर लावला आणि कसर भरून काढायला आच पूर्ण मोठी केली. ऑम्लेटाने तव्यावर पडल्या पडल्या धूर सोडला. खालून कोळसा, वरून रस्सा! उलटायला गेले तर त्याचे तीन तुकडे झाले आणि चौथा शेगडीत गेला.

सहा पन्नासला सगळे टेबलावर बसले. आणि नवल बघा, साहेब सोडून कोणालाच घाई नव्हती! बायकोला वाटत होतं आपल्या हातात वीस मिनिटं आहेत. आई आणि लेक आपापल्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर निवांत.

"भराभर खा!" साहेब ओरडले.

"खाते हो. जरा चहा घेऊ का?"

"चहा? गाडी सुटेल तुझी!"

"बटाटे छान करकरीत झालेत," आई म्हणाल्या. त्यांना वरचे तीन दात नव्हते, त्या बटाटा नुसता फिरवत होत्या.

"बाबा, ओट्स प्यायचे की चावायचे?" लेकीने विचारलं.

साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी ऑम्लेटाचे दोन तुकडे पावात कोंबले, डब्यात भरले आणि बायकोला जवळजवळ ढकलतच दाराबाहेर काढलं. सात पाच! प्रस्थान वेळेवर! त्यांनी निःश्वास टाकला, वळून पाहिलं, आणि डबा टेबलावरच होता.

पहिल्या दिवशी उपाशी? साहेब डबा घेऊन धावत सुटले. पायात स्लिपर, अंगात एप्रन, बाहीला अंडं. ते थांब्यावर पोचले तेव्हा बस लागली होती आणि बायको आत चढत होती. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. मिशीवाला! हा तर सव्वासहाच्या गाडीचा! आणि आता घरच्या घड्याळाने वाजले होते सव्वासात, आपली गुपचूप दहा मिनिटं वजा केली तर सात पाच. साहेबांमधला नियंत्रक एप्रनसकट जागा झाला.

"पन्नास मिनिटं!" ते बसमध्ये चढून गरजले. "पन्नास मिनिटं लेट गाडी! लाज वाटते का? माणसांच्या नोकऱ्या जातात तुमच्यापायी! कारण लेखी पाहिजे मला!"

मिशीवाल्याने त्यांना एप्रनपासून स्लिपरपर्यंत निरखलं. मग शांतपणे तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवलं.

सहा चौदा.

"एक मिनिट आधीच आणलीय साहेब," तो म्हणाला. "त्याचं पण कारण लिहून देऊ का?"

गाडीत कोणीतरी खुदकन हसलं. साहेब बायकोशेजारी जाऊन बसले आणि बस सुटली. साहेब बोटांवर मिनिटं मोजू लागले.

"दहा मिनिटं माझी होती," शेवटी साहेब म्हणाले.

"वीस माझी."

"मग बाकीचा अर्धा तास कोणाचा?"

"आई मला म्हणाल्या, सकाळी सकाळी जाळं काढलं. आणि लेक मला म्हणाली, तिने स्टूल पुसलं. तिने आजवर कधी स्टूल पुसलंय?"

ग्रंथालयाला भलंमोठं कुलूप होतं. दोघं पायरीवर बसली. बायकोने डबा उघडला, कोळशाची बाजू बोटाने खरवडून काढली आणि एक घास खाल्ला.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "अहो, मला जमेल ना? सतरा वर्षं झाली. सगळी तरुण पोरं असतील. मला तर रात्रभर डोळा लागला नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर ते मिनिटं मोजत होते, आणि ती घाबरलीय का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"मी घड्याळाला घाबरलो होतो," ते म्हणाले. "तुझी काळजी मला कधीच नव्हती. तुला जमणार."

ती हसली आणि उरलेलं ऑम्लेट तिने अर्धं करून त्यांना दिलं.

सात वीसला ग्रंथपालबाई आल्या. पायरीवर नवी बाई आणि शेजारी एप्रनमधला माणूस बघून त्या थबकल्या.

"तुम्ही कधीपासून बसलात?"

"पावणेसातपासून, बाई."

बाईंचा चष्म्याआडचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. "वीस वर्षांत असा माणूस मिळाला नाही मला! उद्यापासून दार तुम्हीच उघडायचं. सातला!"

म्हणजे न्याहारी रोज एक तास आधी! पण त्या क्षणी साहेबांना त्याचंही काही वाटलं नाही. आनंदाने तरंगतच ते घरी आले. आई फिरायला, लेक कॉलेजात. आज त्यांची ड्यूटी दहाची होती. जरा टेकावं म्हणून ते खुर्चीत बसले आणि त्यांना गाढ झोप लागली.

दचकून जागे झाले तेव्हा घड्याळात दहा दहा! ते उठून धावणार, तेवढ्यात आठवलं आणि ते मोठ्याने हसले. घड्याळ तासभर पुढे आहे की! म्हणजे फक्त नऊ दहा! मग त्यांनी तक्ता समोर ठेवून, मंद आचेवर, स्वतःसाठी एक ऑम्लेट केलं. सोनेरी, फुगलेलं, काठाला जराही न करपलेलं. सावकाश खाल्लं, बशी धुतली, बिस्किटांच्या डब्यातला फोन तसाच खिशात टाकला आणि शीळ घालत डेपोत पोचले.

ड्रायव्हरांच्या खोलीत मिशीवाला त्यांचंच रजिस्टर पुढ्यात घेऊन बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा.

"हे दहा मिनिटं पुढे असतं, ते आम्हाला अठरा वर्षांपासून माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे दहा पन्नास. किती मिनिटं झाली, साहेब?"

साहेबांनी खिशातला फोन त्या दिवशी प्रथमच चालू केला. लेकीचा निरोप येऊन पडला होता. 'बाबा, सॉरी! कॉलेजला जाताना घड्याळ बरोबर करून ठेवलंय.'

"पन्नास," ते म्हणाले.

मिशीवाल्याने पेन पुढे केलं. अठरा वर्षं जे रजिस्टर साहेबांनी लिहिलं होतं, त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घातलं. मग कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'न्याहारी'.

मिशीवाला वाकून वाचत होता. "काय केलं होतं, साहेब?"

"ऑम्लेट."

"झालं होतं का चांगलं?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"दुसरं झालं होतं."