सुधारणाऱ्यांची फळी

तलावावरच्या वल्हेकरी मंडळानं सुधारत असलेल्या सभासदांसाठी हवा भरायचा एक बहुगुणी पॅडलबोर्ड घ्यायचं ठरवलं. मंडळाच्या उभ्यानं वल्हवायच्या जुन्या फळ्या लाकडी आणि अवजड. मंडळातल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या कमरेनं त्या उचलायला केव्हाच नकार दिला होता. फळी उचलायला दर वेळी शेजारणीला गळ घालावी लागे आणि शेजारीणही आता कंटाळली होती. हवेची फळी गुंडाळून पाठीवर टाकता येते. ती मिळाली तर मावशी पाण्यात, नाहीतर कायमच्या काठावर. त्यांनी अर्ज केला.

सचिवांनी कोण किती वेळा पाण्यात पडलं याची पडझड-वही उघडली.

"मावशी, तुम्ही सुधारत नाही आहात."

"अहो, मी पडतच नाही."

"तीच तर अडचण आहे. सुधारणा म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा कमी वेळा पडणं. तुमचं शून्य. त्याहून कमी कसं पडणार?"

"म्हणजे मी तरबेज झाले ना?"

"तरबेजांनी फळी स्वतःची आणायची असते."

मावशी व्यवहारी. शेजारणीशी आणखी दोन महिने गोड बोलल्या. पहिल्या महिन्यात बावीस वेळा पडल्या, दुसऱ्यात अकरा. शिंका सोडल्या तर प्रगती घवघवीत होती. ते पाहून इतरही मन लावून पडू लागले. बँकेतले कारकून घाईघाईत काठावरूनच पडले. ते धरायचं नाही, असं ठरलं.

मग मंडळाची खरेदी समिती दुकानात गेली. दुकानदारानं रुंद फळी पुढे केली. "हिच्यावरून पडायचं म्हटलं तरी जमत नाही."

समितीचे चेहरे उतरले. "मग माणसानं सुधारायचं कशावर?" सचिवांनी विचारलं.

शेवटी एक अरुंद, निमुळती फळी एकमतानं पसंत झाली.

"साहेब, ही शर्यतीची आहे. भलेभले टिकत नाहीत हिच्यावर."

"छान. वाव भरपूर आहे."

फळी मावशींना मिळाली. आता त्या प्रामाणिकपणे पडू लागल्या. महिनाअखेर आकडा चाळीस. सचिवांनी अकरा आणि चाळीस शेजारी शेजारी लिहिले, 'अधोगती' असा शेरा मारला आणि फळीतली हवा काढून ती कपाटात ठेवली.

"मुद्दाम पडत होता तेव्हा किती छान चाललं होतं, मावशी."

"तेव्हा मला येत होतं," मावशी म्हणाल्या आणि काठावर जाऊन बसल्या.

वाचक हसत असतील, तर हरकत नाही. फक्त वर्षअखेरीला आपल्या साहेबांपुढे ठेवलेल्या मूल्यमापनाच्या कागदात, 'सुधारायच्या बाबी' या रकान्यात आपण काय लिहिलं होतं, तेवढं आठवावं. आणि सदऱ्याची बाही जरा पिळून पाहावी, पाणी निघतंय का.