सेल बदलू नये

गुरुवारी दुपारी लाइट आली की आमचा फ्रिज घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरतो आणि घरातली शांतता संपते. कुठल्याही घराचा कारभार सुरळीत चालण्यासाठी त्यात निदान एक वस्तू कायम बिघडलेली असावी लागते. आमच्याकडे ही जबाबदारी संगणकाला तारीख लक्षात ठेवून देणाऱ्या बटणाएवढ्या सेलने उचलली होती.

मी हळदीची, बारशाची (आणि एकदा एका होऊ घातलेल्या नगरसेवकाची) गाणी तयार करते. गाण्यांचं सॉफ्टवेअर जुनं, 'महिनाभर वापरून पाहा' या प्रकारातलं. नवं आमच्या संगणकाला झेपत नाही. पण सेल मेलेला असल्यामुळे, दर गुरुवारी वीज गेली की संगणकाची तारीख १ जानेवारी २०१२ वर जाते आणि महिना कधी भरतच नाही. यात फसवणूक नाही. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तारीख विचारतं, संगणक प्रामाणिकपणे चुकीची सांगतो.

माझा नवरा सुजित निघोज्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. वस्तू बिघडण्याआधीच दुरुस्त करणे, हे त्या खात्याचं ब्रीद. गुरुवारच्या सुट्टीत ते घरावर राबवलं जातं. (दारांना ग्रीस झालं. मिक्सरवर 'तपासले' अशी चिठ्ठी आहे. सासूबाई सावध असतात.) या गुरुवारी, लाइट नसल्याची संधी साधून, त्याने मला न सांगता सेल बदलला. प्रेमाने.

लाइट आल्यावर त्याने तारीखही लावून दिली आणि संगणक आजच्या तारखेला जागा झाला. माझी मुदत कैक वर्षांपूर्वी संपल्याचं सॉफ्टवेअरने सविनय कळवलं. तेवढ्यात पुनावळ्याहून शालनबाईंचा फोन.

"गाणं झालं का गं? नातवाची हळद सांजच्याला हाय."

"होतंय आजी."

"नाव शेखर हाय बरं. मागं पुतण्याच्या टायमाला तू भलत्याचंच घातलंवतं."

मी सुजितकडे वळले. "जुना सेल कुठाय?"

"स्क्रॅपमध्ये गेला."

"अरे, तो मेलेला होता म्हणून तर चालत होतं."

"असं कुठल्याच कंपनीत चालत नाही."

"घरात चालतं."

शेवटी घरगुती परिपत्रक निघालं: संगणकाच्या खोलीत यापुढे साल २०१२ धरावं, तारीख हाताने मागे न्यावी, आत ग्रीस आणू नये. (हे ज्यांना हास्यास्पद वाटतं, त्यांनी 'परत होईल' म्हणून कपाटात ठेवलेल्या आपल्या जीन्सला साल विचारावं.)

मी तारीख मागे नेली. गाणं निमूट उघडलं. शेखर जागच्या जागी होता, फक्त शेवटचं कडवं बाकी.

पाच वर्षांची सायली मांडीवर बसून बघत होती.

"आई, दोन हजार बारा म्हणजे काय?"

"तुझ्या जन्माआधीचं साल."

"म्हणजे तिथं मी नाही?"

"नाही."

"मी झोपले की तू तिथं जातेस?"

"हो, गाणी करायला."

तिने माझ्या कानावरचा हेडफोन एका बाजूने उचलला.

"मी नसते, तिथं तुला आवडतं?"